लाल न होणारा डोळा आणि वारंवार लाल होणारा डोळा

आपण विचारलेले प्रश्न एकाच घरातल्या तिघांविषयी आहेत. सहा वर्षांच्या मुलीला उजव्या डोळ्याने कमी दिसते असे शाळेतील तपासणीत आढळले. पण ती स्वतः कसलीच तक्रार करत नाही, तेव्हा चष्मा आताच लावावा की तिला थोडी मोठी होऊ द्यावी, असे आपण विचारता. नऊ वर्षांचा मुलगा दर उन्हाळ्यात डोळे चोळून लाल करून घेतो आणि औषधांच्या दुकानातून आणलेल्या थेंबांनी त्याला दोन दिवसांत बरे वाटते. ते थेंब असेच वापरत राहावेत का, हा दुसरा प्रश्न. सासूबाईंचा मोतीबिंदू अजून पिकलेला नाही म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलावी का, हा तिसरा. शिवाय आपला भाग उसाचा, घरात शेतीचे काम. तेव्हा डोळ्याचे कोणते दुखणे दोन दिवस घरी पाहण्यासारखे असते आणि कोणते त्याच दिवशी दाखवावे, हेही आपल्याला हवे आहे.

सुरुवात मुलीपासून करते, कारण तिघांत सर्वांत कमी त्रास तिला आहे आणि सर्वांत जास्त घाई तिच्याच बाबतीत करायला हवी.

दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा सगळे काम निभावून नेतो. दुसऱ्या डोळ्याने किती स्पष्ट दिसायला हवे हे मुलीने कधी अनुभवलेलेच नाही, त्यामुळे आपल्याला काही कमी दिसते हे तिला कळण्याचा मार्गच नाही. बुबुळ, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, आणि आतले भिंग दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, प्रतिमा पाडतात, पण त्या प्रतिमेचा अर्थ लावण्याचे काम मेंदू करतो आणि ते तो जन्मापासून साधारण सात-आठ वर्षे शिकत असतो. या वयात एका डोळ्याकडून सतत धूसर प्रतिमा येत राहिली, तर मेंदू तिच्याकडे दुर्लक्ष करू लागतो आणि त्या डोळ्याची दृष्टी अर्धवटच विकसित होते. पुढे अगदी अचूक नंबरचा चष्मा लावला तरी तक्त्यावरच्या खालच्या ओळी वाचता येत नाहीत. या अवस्थेला मंददृष्टी किंवा सोप्या भाषेत आळशी डोळा म्हणतात. शंभर मुलांमागे दोन ते चार मुलांत ती आढळते. दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठी तफावत, तिरळेपणा, आणि जन्मजात मोतीबिंदू किंवा खाली ओघळलेली पापणी यांसारखा अडथळा, ही तिची मुख्य कारणे होत. यांपैकी पहिले कारण सर्वांत फसवे आहे, कारण बाहेरून डोळा अगदी निर्दोष दिसतो. आपल्या मुलीच्या बाबतीत तेच असण्याचा संभव मला अधिक वाटतो, अर्थात ते तपासल्यावरच ठरेल.

घरी आपण एक साधी परीक्षा घेऊ शकता. मुलगी चित्रांचे पुस्तक पाहत असताना तिचा एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि मग दुसरा. एक डोळा झाकल्यावर ती निवांत असेल आणि दुसरा झाकल्यावर मान फिरवत, हात ढकलत असेल, तर उघडा राहिलेला डोळा अधू आहे असे समजावे. ही परीक्षा वर्षा-दीड वर्षाच्या बाळातही करता येते.

नंबर काढताना मात्र एका गोष्टीचा आग्रह धरा. लहान मुलांच्या डोळ्यांत जवळचे पाहण्यासाठी आतले भिंग फुगवण्याची ताकद फार मोठी असते. ती चालू असताना नुसत्या संगणकी यंत्रावर नंबर काढला, तर नसलेला मायनस नंबर दिसतो किंवा असलेला प्लस नंबर लपून राहतो. म्हणून बाहुली मोठी करणारे आणि ती ताकद तात्पुरती शिथिल करणारे औषध घालूनच मुलांचा नंबर काढतात. काही डॉक्टर त्यासाठी अ‍ॅट्रोपिनचे मलम तीन दिवस घरी लावायला देतात. ते लावल्यावर मुलाचा चेहरा लालबुंद झाला, ताप आला किंवा तोंड कोरडे पडले, तर मलम थांबवून डॉक्टरांना कळवावे. त्याचा अंमल आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडेही राहतो. सायक्लोपेंटोलेटच्या थेंबांचा परिणाम बहुधा एका दिवसात उतरतो.

उपचारांची पहिली पायरी म्हणजे योग्य नंबरचा चष्मा, आणि तो सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत. ‘फक्त अभ्यासाच्या वेळी लाव’ असे सांगून दिलेल्या चष्म्याचा मंददृष्टीत फारसा उपयोग होत नाही. केवळ चष्म्यानेही पहिल्या तीन-चार महिन्यांत बऱ्याच मुलांची दृष्टी लक्षणीय सुधारते, काहींची पूर्ण होते. जी उणीव उरते तिच्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात. पूर्वी आम्ही दिवसभर पट्टी लावत असू. पण पुढे झालेल्या तुलनात्मक चाचण्यांत असे दिसले की मध्यम उणीव असेल तर रोज दोन तास आणि मोठी उणीव असेल तर रोज सहा तास पुरतात. पट्टी चष्म्याच्या काचेवर न लावता कातडीला चिकटवावी, कारण काचेच्या बाजूने मुले शिताफीने डोकावतात. त्या वेळात मुलीला मणी ओवायला, रंग भरायला किंवा शेंगदाणे-तांदूळ निवडायला बसवावे. पट्टी काही केल्या टिकत नसेल, तर चांगल्या डोळ्यात शनिवारी-रविवारी अ‍ॅट्रोपिनचा थेंब घालून त्याची जवळची नजर मुद्दाम धूसर करण्याचा पर्याय आहे आणि मध्यम उणिवेत तो पट्टीइतकाच गुणकारी ठरतो. मात्र हे दोन्ही उपचार स्वतःच्या मनाने वाढवू नयेत. पट्टीचा अतिरेक झाला तर चांगला डोळाही मागे पडू शकतो, म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी दोन्ही डोळ्यांची नजर तपासावी लागते. दृष्टी सुधारल्यावर पट्टी हळूहळू कमी करावी. तरीही पहिल्या वर्षात सुमारे चौथ्या हिश्शाच्या मुलांत दृष्टी पुन्हा थोडी घसरते, तेव्हा पट्टी सुटली म्हणून तपासण्या सोडू नयेत.

थोडी मोठी होऊ द्यावी का, या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. सात वर्षांनंतर, अगदी बारा-तेरा वर्षांपर्यंतही काही सुधारणा होते, म्हणून मोठ्या मुलाला ‘आता उशीर झाला’ असे सांगून परत पाठवणे चुकीचे. पण जे फळ सहाव्या वर्षी सहज मिळते, ते अकराव्या वर्षी कष्टानेही पुरते मिळत नाही. मुलीच्या जातीला इतक्या लवकर चष्मा कशाला, पुढे लग्नाला अडचण येईल, असे सांगणारे नातेवाईक आपल्या भागात अजून भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी मुलीचा चांगला डोळा झाकून तिला समोरचे कॅलेंडर वाचायला सांगा. पुढचे बोलणे आपोआप थांबते.

याच वर्गातल्या, म्हणजे न दुखणाऱ्या आणि न लाल होणाऱ्या, आणखी काही गोष्टी प्रत्येक पालकाला माहीत असाव्यात. बाळाच्या बाहुलीत पांढरी चकाकी दिसणे ही त्यांतली सर्वांत गंभीर. बहुतेक वेळा ती फ्लॅश वापरून काढलेल्या छायाचित्रात आईच्याच लक्षात येते: एका डोळ्याची बाहुली लालसर आणि दुसऱ्याची पांढरी. त्यामागे जन्मजात मोतीबिंदू असू शकतो, आणि दृष्टिपटलाचा कर्करोग म्हणजे रेटिनोब्लास्टोमाही असू शकतो. हा कर्करोग बहुधा पाच वर्षांच्या आत होतो आणि डोळ्यापुरता मर्यादित असताना सापडला तर मूल वाचते, पुष्कळदा डोळाही वाचतो. अशा बाळाला त्याच आठवड्यात बाहुली मोठी करून तपासून घ्यावे. तिरळेपणाबाबत लोक म्हणतात की तो शुभ असतो, किंवा मूल मोठे झाले की आपोआप जातो. पहिल्या तीन-चार महिन्यांत नजर अधूनमधून भरकटली तर चालते. त्यानंतर दिसणारा कोणताही तिरळेपणा तपासलाच पाहिजे. काही तिरळे डोळे नुसत्या प्लस नंबरच्या चष्म्याने सरळ होतात, तर काहींना शस्त्रक्रिया लागते; परंतु शस्त्रक्रियेने डोळा सरळ होतो, मंददृष्टी जात नाही. तिच्यासाठी वरचा उपचार स्वतंत्रपणे करावा लागतो. बाळाचे डोळे फार टपोरे म्हणून सगळे कौतुक करत असतील आणि ते बाळ उजेडात डोळे मिटून घेत असेल, डोळ्यांतून पाणी गळत असेल, बुबुळ धुरकट दिसत असेल, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो आणि त्यावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. दिवस भरण्यापूर्वी, म्हणजे ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा जन्मतः २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे दृष्टिपटल जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासून घेणे आवश्यक असते. २८ आठवड्यांच्या आतल्या किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे तर दोन-तीन आठवड्यांतच. ही तपासणी रुग्णालयाने सुचवली नाही तरी आपण मागावी, कारण लेझर किंवा इंजेक्शन देण्याची संधी थोड्याच आठवड्यांची असते.

शाळकरी मुलांच्या मायनस नंबराविषयी आपण विचारलेले नाही, पण मुलगा नऊ वर्षांचा आहे म्हणून दोनच गोष्टी सांगते. नंबर वाढू नये या समजुतीने मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देण्याने उलट तोटा होतो. आणि रोज सुमारे दोन तास घराबाहेर, उघड्यावर घालवणाऱ्या मुलांत मायनस नंबर लागण्याचे प्रमाण कमी राहते, असे अभ्यासांत वारंवार दिसले आहे. नंबर दर वर्षी झपाट्याने वाढत असेल तर अतिसौम्य अ‍ॅट्रोपिनचे थेंब रात्री घालण्याचा उपचार आता रूढ झाला आहे. गाजरे आणि डोळ्यांचे व्यायाम यांनी नंबर उतरत नाही.

आता मुलाकडे वळते. दर उन्हाळ्यात दोन्ही डोळ्यांना असह्य खाज, चोळून चोळून लालसर-मातकट झालेला पांढरा भाग, उजेडाचा त्रास आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून ओढला तर दोऱ्यासारखा निघणारा चिकट पांढरा स्राव, हे वर्णन उन्हाळी अ‍ॅलर्जीचे आहे. ती साधारण पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत बरीच जास्त आढळते. कोरड्या, उष्ण, धुळीच्या हवेत ती बळावते आणि बहुतेकांत वयात येताना शमते. डोळे येण्याच्या साथीपेक्षा ती वेगळी आहे: हा संसर्ग नव्हे, तो दुसऱ्याला लागत नाही, आणि यात मुख्य तक्रार खाजेची असते. वरच्या पापणीच्या आत फरशीसारखे उंचवटे येतात. त्यांना आजही घरोघरी खुपऱ्या म्हणतात, पण खऱ्या खुपऱ्यांचा आजार, म्हणजे ट्रॅकोमा, वेगळ्या जंतूमुळे होतो, आणि भारतात तो सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपुष्टात आल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मान्य केले आहे. पापणी घासून खुपऱ्या काढून देणारे वैदू कोठे भेटले तर मुलाला त्यांच्या हाती देऊ नका.

दोन दिवसांत बरे वाटायला लावणारी ती बाटली हातात घ्या आणि तिच्यावरचे घटक वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा फ्लुओरोमेथोलोन यांपैकी एखादे नाव असेल, तर ते स्टेरॉइड आहे. पुष्कळदा ते प्रतिजैविकासोबत एकाच बाटलीत असते, त्यामुळे घरी त्याला ‘अँटिबायोटिकचे थेंब’ समजले जाते. स्टेरॉइड वाईट औषध नाही. अ‍ॅलर्जी भडकलेली असताना आम्हीही ते देतो, पण मोजक्या दिवसांसाठी, मात्रा उतरवत आणि डोळ्याचा दाब मोजत. महिनोन्‌महिने घातल्यास ते आतल्या भिंगात मोतीबिंदू निर्माण करते आणि काही मुलांत डोळ्याचा दाब इतका वाढवते की दृष्टीची नस झिजत जाते. यातली क्रूर बाब अशी की हे घडत असताना डोळा पांढरा स्वच्छ दिसतो, खाज थांबलेली असते आणि घरचे समाधानी असतात. बारा-चौदा वर्षांचा मुलगा एका डोळ्याने जवळपास आंधळा होऊन यावा आणि त्याच्या खिशात तीच बाटली असावी, असे प्रसंग आमच्या व्यवसायात दुर्मीळ नाहीत. आपल्या मुलाने हे थेंब किती काळ वापरले याचा अंदाज घेऊन, आज त्रास नसला तरी, त्याच्या डोळ्याचा दाब, भिंग आणि नस तपासून घ्या.

योग्य उपचार सावकाश चालतो, म्हणून तो लोकांना आवडत नाही. उन्हाळा सुरू होण्याच्या आधीपासून ओलोपाटाडीनसारखे अ‍ॅलर्जीविरोधी थेंब, कृत्रिम अश्रूंचे थेंब, गार पाण्याच्या घड्या, बाहेर जाताना टोपी आणि गॉगल यांवर बहुतेकांचे भागते. ज्यांचे भागत नाही त्यांच्यासाठी सायक्लोस्पोरिनचे थेंब किंवा टॅक्रोलिमसचे मलम आहे. त्यांचा गुण यायला आठवडे लागतात, पण दाब वाढत नाही. डोळे चोळणे मात्र थांबलेच पाहिजे. सतत चोळण्याने बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येऊ शकते आणि मग तिरका नंबर दर काही महिन्यांनी बदलत राहतो. असे झाल्यास बुबुळाचा नकाशा काढतात आणि वाढ चालू असेल तर रायबोफ्लेविन व अतिनील किरणांनी बुबुळ घट्ट करण्याचा उपचार करतात. त्याने वाढ थांबते. झालेला बदल बहुतांशी तसाच राहतो.

हीच बाटली शेतातल्या इजेनंतर घातली गेली, तर काय होते हे ऊसपट्ट्यात विशेष सांगावे लागते. पाचट काढताना पात्याची धार लागते, मळणीत ज्वारीचे कूस किंवा भाताचे तूस डोळ्यात जाते, बुबुळावर बारीक ओरखडा उठतो. वनस्पतीजन्य इजेतून अनेकदा बुरशी आत शिरते. पहिले दोन-चार दिवस नुसती टोचणी आणि पाणी असते. मग बुबुळावर करडा-पांढरा ठिपका दिसू लागतो, म्हणजे तिथे जखम पिकू लागलेली असते. या टप्प्यावर स्टेरॉइड घातले तर लाली आणि वेदना कमी होतात, बुरशीला मात्र मोकळे रान मिळते. कोणी जिभेने कण काढून देतो, कोणी मध किंवा एरंडेल घालतो, आणि त्यात आणखी जंतूंची भर पडते. योग्य पद्धत अशी की जखमेचा खरवडलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून बुरशी की जिवाणू हे ठरवायचे आणि त्यानुसार औषध द्यायचे. बुरशी असेल तर नॅटामायसिनचे थेंब सुरुवातीला दर तासाला आणि पुढे कित्येक आठवडे घालावे लागतात. वेळेत उपचार झाला तर लहानसा डाग राहतो. उशीर झाला तर बुबुळावर फूल पडते किंवा बुबुळ फुटते, आणि मग नेत्ररोपणावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून शेतात डोळ्याला काही लागले आणि दुसऱ्या दिवशीही टोचत असेल, तर दुकानात न जाता नेत्रतज्ज्ञाकडेच जावे. पाचट काढताना साधा पारदर्शक गॉगल घातला तर यातले बरेच टळते.

लाल डोळा पाहून घाबरावे की नाही, हे लालीच्या प्रमाणावरून कधीच ठरवू नये. पांढऱ्या भागावर अचानक रक्ताचा लालभडक डाग पडतो, पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण दुखत नसेल आणि नजर नेहमीसारखी असेल तर तो एक-दोन आठवड्यांत विरतो. मोठ्या माणसाचा रक्तदाब तेवढा मोजून घ्यावा. उलट फिकट लाल डोळ्यात खोल ठणका असेल, उजेड सोसवत नसेल, नजर धूसर झाली असेल, बाहुली वेडीवाकडी किंवा दुसऱ्यापेक्षा वेगळ्या आकाराची दिसत असेल, बुबुळावर ठिपका असेल किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला असेल, तर त्याच दिवशी दाखवावे. डोळे येण्याची नेहमीची साथ, जशी २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर पसरली होती, ती विषाणूंची असते. तिच्यात टोचणी, पाणी, सकाळी चिकटलेल्या पापण्या आणि आधी एका, मग दुसऱ्या डोळ्याची लाली असते, पण पाणी किंवा चिपडे पुसल्यावर नजर स्वच्छ असते. एक-दोन आठवड्यांत ती आपोआप ओसरते. गार घड्या, कृत्रिम अश्रू, वेगळा टॉवेल आणि वारंवार हात धुणे एवढे पुरते. पू फार असेल तर डॉक्टर प्रतिजैविक थेंब देतात. आठवड्यानंतर नजर धूसर वाटू लागली किंवा उजेड खुपू लागला तर पुन्हा दाखवावे. साथ नजरेने लागत नाही, हातांनी लागते, त्यामुळे काळ्या चष्म्याने दुसऱ्याचे रक्षण होत नाही.

नवजात बाळाची गोष्ट निराळी. पहिल्या महिन्यात डोळ्यांतून पू येणे ही तातडीची बाब आहे, कारण प्रसूतिमार्गातून आलेले जंतू काही दिवसांत बुबुळ पोखरू शकतात. केवळ पाणी गळत असेल आणि डोळा पांढरा असेल, तर बहुधा अश्रूंची नळी उघडलेली नसते. नाकाजवळच्या कोपऱ्यावर करंगळीने दाबून खालच्या दिशेने दिवसातून तीन-चार वेळा मालीश केल्यास दहांपैकी नऊ बाळांत ती वर्षभरात उघडते. न उघडल्यास सळई घालून मोकळी करतात. डोळ्यांत काजळ आणि आईचे दूध घालू नये. रांजणवाडीला गरम घड्यांचा दहा-दहा मिनिटांचा शेक पुरतो. ती फोडू नये, आणि वारंवार होत असेल तर पापण्यांच्या कडांची सूज, न काढलेला नंबर आणि मोठ्यांत मधुमेह तपासावा.

दोन अपघातांत मिनिटांचा हिशेब असतो. तंबाखूसोबतच्या चुन्याची पुडी मुले हाताळतात, ती दाबली जाऊन चुना डोळ्यात उडतो आणि बुबुळ भाजत आत उतरत राहतो. अशा वेळी शुद्ध पाणी, सलाइन यांची वाट न पाहता जे स्वच्छ पाणी हाताशी असेल त्याच्या धारेखाली, पापण्या उघड्या धरून, निदान अर्धा तास डोळा धुवावा आणि मगच दवाखान्याची वाट धरावी. याउलट विटीदांडूची विटी, धनुष्यबाण, कंपासचे टोक किंवा फटाक्याचा तुकडा यांनी डोळा फुटल्याची शंका असेल तर धुऊ नये, चोळू नये, थेंब घालू नयेत. डोळ्यावर दाब न येईल अशी वाटी किंवा कागदी पेला झाकून न्यावे.

संधिप्रकाशात मूल ठेचकाळते, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा कोरडा डाग दिसतो, तर ती अ जीवनसत्त्वाची उणीव असते. कुपोषण आणि गोवर यांच्या पाठोपाठ ती बुबुळ विरघळवू शकते. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी मिळणारे अ जीवनसत्त्वाचे नऊ डोस अंगणवाडीत चुकवू नयेत.

सासूबाईंच्या प्रश्नाला एवढे सविस्तर उत्तर लागत नाही. मोतीबिंदू पिकू द्यावा हा सल्ला त्या काळचा आहे, जेव्हा भिंग अखंड बाहेर काढत आणि कडक झालेले भिंग काढणे सोपे जाई. आजच्या फेको पद्धतीत, म्हणजे ध्वनिलहरींनी भिंगाचे तुकडे करून ते बारीक छेदातून काढण्याच्या पद्धतीत, फार पिकलेला मोतीबिंदू उलट अवघड जातो. अतिपक्व झाल्यास तो फुगून किंवा पाझरून डोळ्याचा दाबही वाढवू शकतो. रोजच्या कामांत, स्वयंपाकात, पायऱ्या उतरताना अडचण येऊ लागली की शस्त्रक्रियेची वेळ झाली असे समजावे. त्या चष्म्याविना पोथी वाचू लागल्या असतील, तर नजर सुधारली म्हणून आनंद मानू नका; मोतीबिंदूमुळे मायनस नंबर वाढला की असे घडते. कोणत्याही थेंबाने मोतीबिंदू विरघळत नाही. भारतात २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे आढळले, आणि ते जवळजवळ सगळे शस्त्रक्रियेने परतवता येण्याजोगे असते. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर उतरली, तर उद्याच्या तपासणीची वाट पाहू नये.

त्यांच्या बाबतीत मला मोतीबिंदूपेक्षा दोन इतर गोष्टींची काळजी अधिक वाटते, कारण नजर कमी झाल्याचे सगळे खापर मोतीबिंदूवर फुटते. मधुमेह असेल तर दृष्टिपटल दरवर्षी तपासायला हवे. त्यातला बिघाड बराच पुढे जाईपर्यंत नजर शाबूत असते आणि तोवरच लेझर व इंजेक्शनांचा पूर्ण लाभ होतो. दुसरा काचबिंदू. त्याच्या नेहमीच्या प्रकारात दुखत नाही, डोळा लाल होत नाही, कडेची नजर गुपचूप जाते आणि गेलेली परत येत नाही; थेंब आयुष्यभर घालून उरलेली टिकवायची. आई-वडील किंवा भावंडांत तो असेल तर चाळिशीपासून घरातल्या प्रत्येकाने डोळ्याचा दाब आणि नस तपासून घ्यावी, आपणही. त्याचा एक प्रकार मात्र अचानक येतो: संध्याकाळी एका बाजूचे डोके आणि डोळा प्रचंड दुखणे, उलट्या, दिव्याभोवती रंगीत वलये. पित्त समजून रात्रभर गोळ्या देत बसल्यास सकाळपर्यंत डोळा जाऊ शकतो.

तिघांनाही एकाच दिवशी आणता येईल. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने शाळेत तपासणी केली असेल, तर त्यांची संदर्भचिठ्ठी सोबत ठेवा, म्हणजे मुलीची पुढची तपासणी आणि चष्मा यांची सोय जिल्हा रुग्णालयात होऊ शकते. मुलाने आजवर वापरलेल्या सगळ्या बाटल्या, रिकाम्या असल्या तरी, आणा. सासूबाईंच्या मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या आणि जुने चष्मेही आणा. बाहुली मोठी करण्याच्या औषधानंतर मुलीला काही दिवस फळ्यावरचे दिसेल पण वहीतले धूसर दिसेल, तेव्हा तिच्या बाईंना तशी चिठ्ठी द्यावी.